हेक्टरी १,१११ झाडे: माळरानांविषयीच्या एका संदेशाला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यातील माळराने म्हणजे मेंढ्यांनी खाऊन उजाड केलेली जंगले आहेत, तेथे हेक्टरी किमान १,१११ झाडे लावली की चारा वाढेल, आणि काम साधले की नाही हे पाहायला झाडे मोजणे पुरेसे आहे, असे त्यात म्हटलेले असते.

आधी त्या आकड्याविषयी. तीन-तीन मीटरवर खड्डे घेतले की एका हेक्टरात १,१११ खड्डे बसतात. दहा हजार चौरस मीटरला नऊने भागल्याचे ते उत्तर आहे. त्या जमिनीला किती झाडे पेलतील, याचा या भागाकाराशी काहीही संबंध नाही.

‘उजाड झालेले जंगल’ हे विधानही तपासून पाहावे लागेल. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मुरमावर मातीचा थर पातळ असतो. आफ्रिकेतील सव्हानांचा, म्हणजे गवत आणि विखुरलेली झाडे असलेल्या प्रदेशांचा, २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या प्रदेशात वृक्षाच्छादनाची कमाल मर्यादा पाऊसच ठरवतो, वणवे आणि चराई थांबली तरी तेथे दाट जंगल होत नाही. आफ्रिकेतला आकडा दख्खनला जसाच्या तसा लावू नये, हे मान्य. तरीही हिवर व खैर ही झाडे आणि पवन्या हे गवत यांना मोकळे ऊन लागते आणि दाट सावलीत ती तग धरत नाहीत, हे आपल्या माळावर कोणालाही पाहता येते. अतिचराईने नुकसान होते, हेही खरेच आहे. पण त्याची खूण म्हणजे पवन्या आणि मारवेल ही चांगल्या चाऱ्याची गवते हटून त्यांच्या जागी टोकदार कुसळांचे कुसळी गवत माजणे. झाडे कमी असणे ही ती खूण नव्हे.

झाडांमुळे चारा वाढतो, या दाव्यात सत्याचा अंश आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. केनियातील त्सावो परिसरात एकट्या उभ्या बाभूळवर्गीय झाडांखाली उघड्या जागेपेक्षा अधिक गवत आढळले आहे. आपल्याकडेही बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात मेंढ्यांना आधार देतात. परंतु हा लाभ विरळ झाडांचा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या चराऊ निलगिरी वनांत बुंध्यांचे एकूण छेदक्षेत्र (बुंधे आडवे कापल्यास दिसणाऱ्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ) वाढू लागताच गवत सुरुवातीला झपाट्याने घटते आणि पुढे घट मंदावते, असे आढळले. म्हणून दाट रान थोडेसे विरळ केल्याने गवत फारसे परत येत नाही. ते दाट होऊ न देणेच स्वस्त पडते, आणि मोजणीचा खरा उपयोग इथे आहे.

आता मोजणीकडे वळू, कारण संदेशातील सर्वांत मोठी चूक तिच्यातच आहे. ३१ सेंटिमीटर घेराचे झाड आणि ९४ सेंटिमीटर घेराचे झाड मोजणीत एक-एकच भरते. पण दुसऱ्याचे छेदक्षेत्र पहिल्याच्या नऊपट असते. शंभर बारीक झाडांचे मिळून हेक्टरी पाऊण चौरस मीटर होते, तर शंभर जाड झाडांचे सात. त्यामुळे १.३७ मीटर उंचीवर घेर मोजल्याविना मिळालेली संख्या चाऱ्याविषयी काही सांगत नाही. जातीची नोंद नसेल तर इथलाच हिवर आणि बाहेरून आणून लावलेले गिरिपुष्प एकाच रकान्यात जातात. परदेशातून येऊन माळ व्यापणारी वेडी बाभूळ वाढली तर आकडा सुधारला असेही वाटू शकते!

पद्धतीतही मेख आहे. एका बिंदूभोवतीच्या चार दिशांतील सर्वांत जवळच्या झाडांची अंतरे घेऊन घनता काढण्याची युक्ती सोपी आहे: सरासरी अंतर १० मीटर आले तर हेक्टरी १०० झाडे, ५ मीटर आले तर ४००. मात्र झाडे स्वैर विखुरलेली आहेत हे गृहीत धरूनच हे गणित बसते. माळावर ती ओढ्याकाठी दाटीने आणि पठारावर तुरळक असतात, त्यामुळे ही पद्धत घनता कमी दाखवते, आणि ‘झाडे कमी आहेत, आणखी लावा’ असा निष्कर्ष निघतो. १७.८४ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले की ०.१ हेक्टर क्षेत्र मिळते. अशी वर्तुळे ओढाकाठ, उतार आणि पठार यांवर वेगवेगळी घ्यावीत आणि त्यांची सरासरी एकत्र करण्याची घाई करू नये.

मेंढ्या कायमच्या बंद करा, ही सूचनाही संदेशाच्या शेवटी असते. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे त्यांचे तळ, पावसाबरोबर जागा बदलत आले आहेत, आणि गवताला बी धरेपर्यंत विसावा देणे व चराईच बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या मंडळांना या जूनमध्ये खड्डे घ्यायचेच आहेत, त्यांनी ते यंदापुरते थांबवून ऑक्टोबरमध्ये त्याच वर्तुळांत एक-एक चौरस मीटर गवत कापावे, वाळवून त्याचे वजन करावे आणि ते घेराच्या रकान्याशेजारी लिहावे.