दादाची कॅसेट आणि आईचा मिलो

आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी अमेरिकन गायकांनी मिळून गायलेलं ‘वी आर द वर्ल्ड’ कुठेही लागलं की माझ्या हातातलं काम थांबतं. आजही.

१९८५ साल. आम्ही साताऱ्यात, मी आठवीत. दादाने मित्राकडून भरून आणलेली कॅसेट आणि घरातला टू-इन-वन. मी शंभर पानी वही घेऊन बसायचे. ओळ ऐकायची, स्टॉप, मागे न्यायची, परत ऐकायची आणि देवनागरीत उतरवायची. समासात कुणाचा आवाज ते लिहायचं: लायोनेल रिची, स्टीव्ही वंडर, टीना टर्नर. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा तो खरवडून काढल्यासारखा आवाज आला की दादा आणि मी एकदमच नाव ओरडायचो. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं, आवाज मात्र पाठ झाले होते.

ते गाणं रेकॉर्ड झालं त्या रात्रीचं चित्रीकरण नंतर कितीदा पाहिलंय. २८ जानेवारी १९८५, हॉलिवूडचा ए अँड एम स्टुडिओ. एक पुरस्कार सोहळा आटोपून चाळीसहून जास्त गायक तिथे जमले. गाण्याचा निर्माता क्विन्सी जोन्सने बजावलं होतं, अहंकार दाराबाहेर ठेवून या. रात्रभर काम चाललं. बॉब डिलनला त्याची ओळ काही केल्या सापडेना. एवढा मोठा माणूस, नुसता पुटपुटतोय. मग स्टीव्ही वंडर पियानोवर बसला आणि ती ओळ हुबेहूब डिलनच्या आवाजात म्हणून दाखवली. डिलन हसला, मोकळा झाला, गायला. हल्ली अशी गाणी जो तो आपापल्या घरी बसून रेकॉर्ड करतो आणि मग ती जोडतात. सूर कुणाचा चुकत नाही, पण कुणाला सावरायला शेजारी कुणी उभंही नसतं. मला आठवण येते ती त्या एका खोलीची.

दुष्काळासाठी गायलेल्या अशा गाण्यांवर आज बरीच टीका होते. गोऱ्यांनी दाखवलेली दया, म्हणतात. बँड एड या ब्रिटन-आयर्लंडच्या गायकांच्या गटाच्या ‘डू दे नो इट्स ख्रिसमस’बद्दल मला ती बरीचशी पटते. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीवर इथिओपियातल्या कोरेमची दुष्काळाची दृश्यं पाहून आयरिश गायक बॉब गेल्डॉफ हलला, मिज युर या गायकाला घेऊन त्याने गाणं केलं आणि २५ नोव्हेंबरला लंडनमध्ये ते रेकॉर्डही झालं. त्याची कळकळ खरी होती. पण ज्या देशात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आहे, जिथे ७ जानेवारीला नाताळ होतो, तिथल्या माणसांना सण ठाऊक आहे का, असं विचारायचं? हे खटकतंच.

अमेरिकन गाण्याला मात्र त्याच मापाने मोजू नका. कल्पना गायक हॅरी बेलाफॉण्टेची, गाणं मायकल जॅक्सन आणि लायोनेल रिचीचं, सूत्रं क्विन्सी जोन्सकडे. सगळे कृष्णवर्णीय. त्यांनी आफ्रिकेसाठी घडवलेलं गाणं ‘गोऱ्यांची दया’ कसं होईल?

 

एका दुपारी आईने विचारलं, “कशाचं गाणं हाय गं हे?” म्हटलं, “आफ्रिकेत दुष्काळ पडलाय, त्यांना धान्य पाठवायला गायलंय.” ती निवडायचं सूप बाजूला ठेवून जवळ येऊन बसली. आईचं सासर माण तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल तोवर ती कधी बोलली नव्हती.

“तू पोटात हुतीस तवा दुष्काळी कामावर दहिवडीच्या रस्त्याला खडी फोडलीया म्या. पोरास्नी खायाला सुकडी मिळायची. आन् मिलो, म्हंजी लाल ज्वारी. लाल भाकरी, घशाखाली उतरायची न्हाई. अमेरिकेचा हुता म्हनं.”

म्हणून मदत देणाऱ्यांना हसणं मला जमत नाही. आईने ती भाकरी आवडीने खाल्ली नाही, फुकटही खाल्ली नाही. पण ती भाकरी होती, म्हणून मी आहे. कुणीतरी लांबून धान्य पाठवणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं.

कॅसेट कधीच गुंडाळली गेली, वही अजून आहे. गाण्याच्या शेवटच्या ओळीखाली, त्याच पेनाने लिहिलेले तीन शब्द आहेत: खडी, सुकडी, मिलो.