बारा बाय आठचं थोबाड

फाट्यावरच्या कृषी केंद्रासमोर सध्या माझं थोबाड टांगलेलं आहे. बारा बाय आठ फूट. डोक्यावर 'प्रगतिशील शेतकरी' आणि हनुवटीखाली मी जन्मात न उच्चारलेलं वाक्य : 'एकच फवारणी, बोंडंच बोंडं!' पिकाच्या टॉनिकच्या कंपनीचा पोरगा आला, "काका, एक फोटो घेतो" म्हणाला. माझ्या वावरात तण कपाशीच्या वर गेलेलं, म्हणून त्यानं मला धुऱ्यापलीकडे उभं केलं, हातात बोंड दिलं आणि गेला. आता राळेगावला जाणारी प्रत्येक एसटी माझ्यासमोर थांबते. सोयऱ्यांचे फोन येतात. बायकोचं दुःख वेगळंच : दाढी तरी करायची होती.

हे सगळं मी गिळलं असतं. पण महादेवकाकांनी फ्लेक्स बुक केला.

"सीझन संपला का तो मले पाह्यजे. दुकानदाराले सांगून ठेवलं म्या. कुटारावर टाकतो."

"काका, माझा फोटो आहे त्यावर."

"म्हून तं इचारून रायलो. वरतं करू का खालतं?"

"काय?"

"तोंड. वरतं केलं तं पाणी तुह्या डोयात साचते. खालतं केलं तं बकऱ्या चाटतीन." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे सुताराच्या नजरेनं पाहिलं. "मधात बल्ली येते. भोक पाडा लागते. नाकातून काढू का कानातून?"

कानातून, म्हणालो. काय म्हणणार?

तसं पाहिलं तर काकांचं खोटं नाही. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप. हे सडत नाही आणि जाळावं तर विषारी धूर. म्हणून आमच्या गावात फ्लेक्सला मरण नाही. साहेबांचा वाढदिवस गोठ्यावर जातो, कुणाची भावपूर्ण श्रद्धांजली न्हाणीला लागते. पण ज्या बाटलीसाठी मला टांगलं, तिचं काय? ती रिकामी होऊन नाल्यात पडते. आणि ती कुणी मागितलेली तरी असते का? युरियाची 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैशांना. सरकारी भाव, छापील. दुकानात गेलं की 'स्टॉक नाही'. टॉनिकची बाटली घेतो म्हटलं की आतून स्टॉक निघतो. याला लिंकिंग म्हणतात. बाटली आणलीच आहे तर मारा, वर युरियाही जास्तच टाका. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माजते, हिरवीगार लुसलुशीत होते, मावा-तुडतुड्यांची पंगत बसते, की त्यांच्यासाठी दुसरी बाटली. तिचाही फ्लेक्स आहेच, पलीकडच्या पानठेल्यावर.

बोंडअळी मरणार म्हणून 2002 साली कपाशीचं बीटी बियाणं आलं, तेव्हाही भिंती अशाच रंगल्या होत्या. पुढं गुलाबी बोंडअळीला ते पचलं. 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर, फवारा तोंडावर. विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्यांच्यातल्या कुणाला 'प्रगतिशील' म्हणून कुणी टांगलं नाही.

जाऊ द्या. मला हसवायचं होतं.

काल काका पिशवी घेऊन आले. आत दोन बाटल्या. त्याच. उधारीवर.

"काका! मी हे कधी मारलंच नाही. तुम्हाला माहीत आहे!"

"मालूम हाय नं. तुह्या वावरात तं तणच हाय."

"मग?"

"पण फोटोतली पऱ्हाटी पाह्यली का तू? काय बोंडं हायेत बाप्पा! म्हटलं, आपल्याले अशी पाह्यजे."

"काका, ती तुमच्याच वावरातली आहे. तुमच्या धुऱ्याजवळ उभं करून फोटो काढला माझा!"

काका थोडा वेळ गप्प. मला वाटलं, आता बाटल्या परत जातात.

"म्हंजे काहीच न मारता येवढी आली?"

"हो!"

"मंग मारल्यावर किती येईन, पाह्य!" म्हणाले, आणि झाकण उघडून बाटली माझ्या नाकापुढं धरली. "वास पाह्य. असली हाय नं?"