मागाशेजारचं ऑनलाइन शिक्षण

आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका संध्याकाळी मेसेज पडला. ‘समावेशक आणि लवचिक ऑनलाइन अध्यापन. कालावधी आठ आठवडे. कोर्स ऐच्छिक आहे. सर्वांनी पूर्ण करणे बंधनकारक.’ लग्नपत्रिकेत ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं छापतात आणि मांडवाच्या दारात वही-पेन घेऊन एकजण बसलेला असतो, त्यातलाच प्रकार. ग्रुपवर एकोणीस अंगठे उठले. विसावा माझा.

मी खानापूरच्या पुढे, जांबोटीच्या वाटेवरच्या एका गावात मराठी शाळेवर शिक्षिका आहे. राहते बेळगावात, शहापूरला. म्हणजे अर्धं आयुष्य वर्गात आणि अर्धं एसटीत. आता त्यात तिसरं अर्धं घालायचं होतं.

नोंदणीपासूनच सुरुवात झाली. ‘राज्य निवडा.’ कर्नाटक निवडलं. ‘भाषा निवडा.’ कन्नड होती, इंग्रजी होती, हिंदी होती. मी वर-खाली बोट फिरवलं, फोन आडवा केला, चष्मा पुसला. मराठी नव्हती. धाकटा म्हणाला, “मम्मी, राज्य महाराष्ट्र टाक की.” टाकलं. लगेच मराठी हजर! मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. पण पुढचा रकाना जिल्ह्याचा. कोल्हापूर होतं, सिंधुदुर्ग होतं, गडचिरोलीसुद्धा होतं. बेळगाव कुठून असणार? म्हटलं, कोल्हापूर तर कोल्हापूर, आपलंच आहे. मग पिनकोड आला. आमचा 590 ने सुरू होतो. खाली लाल अक्षरं उमटली : पिनकोड राज्याशी जुळत नाही.

1956 च्या 1 नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आलो. सीमाप्रश्नावर महाजन आयोग येऊन गेला. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. मोठमोठे वकील थकले. आणि या फॉर्मनं रात्री दहा वाजता, एका लाल ओळीत निकाल देऊन टाकला. हे आतून ओरडले, “निकाल लागला म्हणून बाहेर कुणाला सांगू नकोस. उद्या मोर्चा निघेल.”

मी मुकाट्यानं कर्नाटक निवडलं आणि इंग्रजी घेतली. कन्नड मला बोलायला येतं, भाजीबाजारात तर भांडायलाही येतं. पण वाचताना मी दुसरीतल्या पोरासारखी अक्षरावर बोट ठेवते, आणि ते बोट नेमकं पडद्यावरचं भलतंच बटण दाबतं. शेवटी पदवीचं प्रमाणपत्र चढवायचं होतं. त्यावर ‘बेलगाम’, आधारवर ‘बेळगावी’. 2014 साली शहराचं सरकारी नाव बदललं हे आम्हाला ठाऊक, पण फॉर्मला कोण सांगणार? त्याच्या लेखी मी एका गावात शिकून दुसऱ्या गावात पळून आलेली बाई होते. तीन दिवसांनी कुठूनतरी ‘मंजूर’ आलं. बहुधा कंटाळून.

कोर्सचं पहिलं वाक्य होतं, ‘तुमच्या सोयीच्या वेळी, तुमच्या सोयीच्या जागी शिका.’ वाचून मी खरोखरच वही घेऊन सोयीची वेळ शोधायला बसले. पहाटे पाणी भरायचं. नळाला पाणी येतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीचं वेळापत्रक नळच ठरवतो. मग डबे, मग बस, मग शाळा, मग बस, मग भाजी, मग आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा शेकायचा. उरली रात्री नऊनंतरची वेळ. आणि तिथे माग होता.

आमच्या घराची एक भिंत आणि शेजारच्या अण्णांच्या यंत्रमागांची एक भिंत ही एकच भिंत आहे. शहापूर-वडगावात राहून मागाचा आवाज नको म्हणणं म्हणजे वेंगुर्ल्यात राहून समुद्राला गप्प बस म्हणण्यासारखं. खटाक्-खट, खटाक्-खट. सून म्हणून आले तेव्हा पहिले पंधरा दिवस झोप नव्हती. आता माहेरी गेले की शांततेनं जाग येते. पण त्या आवाजात इंग्रजीतून कुणीतरी बारीक आवाजात ‘ॲक्सेसिबिलिटी’ समजावून सांगत असेल तर हाती फक्त खटाक्-खट लागतं. आता यातली खरी गंमत बघा. वीज गेली की माग थांबतो. स्वच्छ, सुंदर, अभ्यासाला लायक शांतता पसरते. आणि वीज गेली की वायफायही जातं. म्हणजे ऐकू येईल तेव्हा ऐकायला काही नाही आणि ऐकायला असेल तेव्हा ऐकू येत नाही. मोबाइलचा डेटा आहे, पण जुन्या घराच्या दीड हात जाड भिंती. सिग्नल फक्त माळ्यावर जायच्या लाकडी शिडीच्या चौथ्या पायरीवर मिळतो. तिसरीवर नाही, पाचवीवर नाही. तिथे बसून मी दोन आठवडे लवचिक शिक्षण घेतलं. कंबर मात्र लवचिक नव्हती, ती अजून बोलते.

आत्यांना वाटायचं मी शिडीवर बसून माहेरी फोन लावते. “कुणाशी बोलूलालीस ग एवढा वेळ?” त्या खालून विचारायच्या. “बोलत नाही आत्या, ऐकतेय. शिकतेय.” “आता ह्या वयात काय शिकूलालीस?” “सगळ्यांना सामावून घ्यायला.” आत्या क्षणभर गप्प. मग, “आधी खाली येऊन भाकऱ्या सामावून घे की.”

आणि तरी खरं सांगू का, त्यातला मजकूर चांगला होता. मला वाटलं होतं तसा पोकळ नव्हता. रोनाल्ड मेस नावाचे एक अमेरिकन वास्तुविशारद होते. लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीतून वावरायचे. त्यांचं म्हणणं असं की इमारत बांधून झाल्यावर एखाद्यासाठी वेगळी सोय ठिगळासारखी लावू नका. पहिल्यापासूनच सगळ्यांना चालेल अशी बांधा. यालाच सार्वत्रिक रचना म्हणायचं. तीच गोष्ट पुढे शिक्षणात आली. एकच धडा बघता, ऐकता, हाताळता यावा; मुलानं उत्तर लिहून द्यावं, बोलून द्यावं, नाहीतर चित्र काढून द्यावं. मुलात खोट शोधू नये, धड्यात शोधावी. आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, हेही मला तिथेच, चौथ्या पायरीवर, कळलं. आणि माझ्याच वर्गातली दोन मुलं डोळ्यांपुढे आली, ज्यांना मी वर्षभर ‘लक्ष नसतं’ असा शेरा देत आलेय. त्या रात्री मी शिडीवरून जरा सावकाश उतरले.

पण हे सगळं सांगणारं पान कसं होतं? पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं. त्याच फिकट अक्षरांत लिहिलं होतं की अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान 4.5 ला 1 इतका फरक हवा, नाहीतर नजर अधू असलेल्यांना वाचता येत नाही. ते वाचायला मी धाकट्याला हाक मारली. त्यालाही नाही दिसलं. शेवटी शेजारच्या अक्कांनी भिंग आणलं, पंचांग बघायचं. “एन माडाकत्तीरी टीचर?”, काय करताय, म्हणत त्या शिडीखाली उभ्या राहिल्या आणि मग रोजच येऊ लागल्या. कन्नड आवृत्ती त्या त्यांच्या फोनवर वाचायच्या, मी इंग्रजी ऐकायची, आणि मध्ये आमची दोघींची जी भाषा आहे, अर्धी त्यांची, अर्धी माझी, तिच्यात आम्ही अर्थ लावायचो. नावनोंदणी एकीची, विद्यार्थिनी दोन. आत्या धरून अडीच.

सोयीची दुसरी जागा म्हणजे बस. बेळगाव ते खानापूर सव्वीसेक किलोमीटर. 2023 च्या जूनमध्ये शक्ती योजना आली, बायकांना तिकीट शून्य रुपयांचं झालं आणि बसमध्ये जागाही साधारण तेवढीच उरली. एका हातानं दांडी, एका हातात फोन. इअरफोनचा डावा कान मेलेला आणि उजवा कधी निसटला कळलं नाही. सगळ्या बसला प्रश्न ऐकू गेला : ‘ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी व्हिडिओत सर्वप्रथम काय हवं?’ पर्याय चार. मागून एक आजी म्हणाली, “मशीन हवं कानातलं. माझ्या नातवानं आणलंय, वापरत नाही मी.” एका कॉलेजच्या पोरानं पर्याय वाचून दाखवले. कंडक्टर आधार कार्डं बघत बघत येत होता, तो थांबला, विचार केला आणि म्हणाला, “बी हाकरी मेडम.” बी म्हणजे पडद्याखालची अक्षरं. मी ‘बी’ दाबलं. बरोबर आलं! बस खूश झाली. पुढचे चार प्रश्न सर्वांनी मिळून सोडवले आणि पाचव्याला खानापूर आलं. माझ्या आठ आठवड्यांतले सर्वांत जास्त गुण त्या दिवशीचे आहेत. खानापूरपासून पुढे रान सुरू होतं आणि सिग्नल संपतो, त्यामुळे शाळेत हा कोर्स उघडण्याचा प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात तर तिकडे आकाशच फाटलेलं असतं. मलप्रभा नदी उगाच तिकडच्या कणकुंबीला उगम पावलेली नाही.

तसं लवचिक शिक्षण आम्ही याआधी केलं होतं, फक्त त्याला हे नाव नव्हतं. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा कर्नाटकात ‘विद्यागम’ आलं. घरात स्मार्टफोन असलेली मुलं, साधा फोन असलेली मुलं आणि काहीच नसलेली मुलं, असे गट केले आणि आम्ही पिशव्या घेऊन वाड्या-वस्त्यांवर गेलो. माझा वर्ग देवळाच्या सभामंडपात भरायचा. अपूर्णांक मी नारळाच्या वाट्यांवर शिकवले. एक शेळी रोज वेळेवर हजर असायची. हजेरी तिची सर्वांत चांगली. त्या वर्गाला लॉगिन नव्हतं, त्यामुळे कुणी पासवर्डही विसरत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात लेखी काम आलं : ‘आपल्या परिसरातील सार्वत्रिक रचनेचे एक उदाहरण लिहा.’ माझ्याकडे उदाहरण घरातच होतं. ह्यांनी स्कूटर आत घ्यायला उंबऱ्यापाशी सिमेंटचा उतार करून घेतला. त्यावरून महिन्याभरात आत्या काठी टेकत ये-जा करायला लागल्या, गॅसवाला सिलिंडर घरंगळवत आणायला लागला, अण्णा साड्यांचा गठ्ठा ओढत आणून आमच्या ओसरीवर ठेवायला लागले, आणि अक्कांचा नातू तीनचाकी घेऊन दिवसातून चाळीस वेळा घरात घुसायला लागला. स्कूटर तेवढी बाहेरच राहते, कारण उतारावर कायम कुणीतरी असतं. मी हे मन लावून, मोडक्या इंग्रजीत लिहिलं. तपासणार होते सहाध्यायी. म्हणजे कुणीतरी, कुठलंतरी. मिळाले दहापैकी दोन. शेरा : ‘स्कूटरचा विषयाशी संबंध नाही.’ मी तो शेरा आत्यांना वाचून दाखवला. त्या उतारावरून तरातरा बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, “त्याला इथं बोलव.”

शेवटचं काम पाच मिनिटांच्या पाठाच्या व्हिडिओचं. मराठीतून चालेल, असं लिहिलं होतं. आठ आठवड्यांत मराठीचं दर्शन झालं ते हे पहिलं आणि शेवटचं. मुदत रात्री 11:59. हा आकडा ज्यानं काढला त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी येत नसणार. लवचिकपणावरचा आठ आठवड्यांचा कोर्स, पण बाराच्या ठोक्याला एक मिनिटही वाकायला तयार नाही.

मी अण्णांकडे गेले. म्हटलं, “अण्णा, आज रात्री पाच मिनिटं माग बंद ठेवाल काय?” अण्णा म्हणाले, “टीचर, तुम्ही म्हणाल तर दहा मिनिटं ठेवतो. पण सणाची ऑर्डर हाय, साडेदहानंतर सांगा.” साडेदहाला त्यांनी माग थांबवला. मी पदर नीट केला, धाकट्यानं फोन धरला, मी म्हटलं, “मुलांनो, आज आपण...” आणि वीज गेली. अंधारात पहिल्यांदा अण्णाच हसले, भिंतीपलीकडून. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वीज आली. आता अण्णांना परत थांबा म्हणायची मला लाज वाटली. त्यांचाही एक तास बुडाला होता. माग सुरू झाला, मी सुरू झाले, आणि पाठ खटाक्-खटच्या साथीनं एका दमात झाला. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्याही झाल्या. व्हिडिओ चढायला लागला. कुंद्यासाठी, आमच्या बेळगावच्या मिठाईसाठी, दूध आटवताना उलथनं फिरत राहावं तसं ते चक्र गरगर फिरत राहिलं. घरातले सगळे त्याभोवती उभे. 11:58 ला हिरवी खूण उमटली.

खालची अक्षरं मशीननंच ऐकून घातली होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी ती वाचली. ‘लवचिक’चं त्यानं ‘लव चिकन’ केलं होतं. ‘आत्या आल्या’ असं मी मध्येच धाकट्याला दबकून म्हटलं होतं, त्याचं ‘हत्या झाल्या’ झालं होतं. शिट्ट्यांच्या जागी लिहिलं होतं ‘संगीत’. आणि मागाच्या जागी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दर दोन ओळींनंतर, ‘टाळ्या’. ‘टाळ्या’. ‘टाळ्या’. मी नापास झालेच असं धरून फोन पर्समध्ये टाकला.

आठवड्यानं निकाल आला. दहापैकी नऊ. परीक्षकानं व्हिडिओ बहुधा कुठल्यातरी बसमध्ये, आवाज बंद करून बघितला असावा. शेरा होता : ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद उल्लेखनीय.’

संध्याकाळी कुंद्याचा डबा घेऊन मी अण्णांकडे गेले, मागाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरून ऐकलं, कुंद्याचा एक तुकडा तोंडात टाकला, आणि तुटलेला धागा जोडता जोडता म्हणाले, “मग? रोज वाजवतोच की आम्ही. तुम्ही कधी वर बघितलंय काय?”