मागे डोंगर दिसता कामा नये

लष्करातून फील्ड पोस्टिंगची, म्हणजे सीमेकडं जायची ऑर्डर आली? अभिनंदन. काळ्या ट्रंकेत लोकरीचे मोजे, आईचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू भरून झाले असतील, तर आता महत्त्वाचं बोलू. फोटोचं.

फोटो जरूर काढा. फक्त मागे डोंगर नको, डोंगर ओळखू येतो. पूल नको, रस्ता नको, अँटेना तर नकोच नको. गाडीचा नंबर नको. खांद्यावरचा बिल्ला झाका, त्यावरून कोणती डिव्हिजन ते कळतं. शेजारचा जवान नको. उरलं काय, तर बर्फ आणि तुमचं नाक. नाकाचे खुशाल काढा. त्या फोटोवरून शत्रूला जेवढं कळतं, तेवढंच आईलाही कळतं. ती विचारेल, "बाळा, हे कुठंय?" तुम्ही म्हणायचं, "आहे इकडंच."

हे सगळं उगाचच आहे असं मात्र समजू नका. 2007 साली इराकमधल्या एका अमेरिकी तळावर नवी अपाची हेलिकॉप्टरं उतरली. पोरांनी हौसेनं फोटो काढले, इंटरनेटवर चढवले. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश होते. पलीकडच्यांनी ते वाचले, उखळी तोफा लावल्या आणि चार हेलिकॉप्टरांचं भंगार केलं. अमेरिकी लष्करानंच पुढे ही गोष्ट आपल्या सैनिकांना शहाणं करण्यासाठी सांगितली. तेव्हा लोकेशन बंद ठेवा. आणि बायकोनं 'क्लिअर दिसत नाही, डॉक्युमेंट करून पाठवा' असा हट्ट धरला तर ऐकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट केलं की जशीच्या तशी जाते. धुरकट फोटो हीसुद्धा देशसेवाच.

फेसबुकचं नाव काढू नका. जुलै 2020 मध्ये लष्करानं 89 अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली. यादीत इन्स्टाग्राम होतं, पबजी होतं, टिंडरही होतं. (टिंडर वाचून किती सासुरवाड्यांत चौकशा झाल्या असतील कोण जाणे.) एक अधिकारी दाद मागायला दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तर फेसबुकवाचून करमत नसेल तर राजीनामा द्या, असं त्यांना ऐकावं लागलं. त्याच जुलैच्या 3 तारखेला पंतप्रधान लडाखमध्ये निमूला जाऊन जवानांना भेटून आले होते. फोटो देशभर झळकले. जागेचं नाव, 11 हजार फूट उंची, सिंधूचा काठ, झंस्करची रांग, सगळं जाहीर. यावरून शिका. डोंगर हवाच असेल, तर फोटो कोणासोबत काढायचा ते आधी बघा.

सकाळी पळायला जाताना हातातलं घड्याळही काढून ठेवा. नोव्हेंबर 2017 मध्ये स्ट्राव्हा या अ‍ॅपनं फोन-घड्याळांनी टिपलेल्या, जगभरच्या पळणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा हौसेनं प्रसिद्ध केला. दोन महिन्यांनी विशीतल्या एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याला त्यात सीरिया-अफगाणिस्तानच्या काळ्या मिट्ट पट्ट्यात लष्करी तळ लख्ख चमकताना दिसले. कोणी एक फोटो काढला नव्हता. बिचारे वजन कमी करत होते.

एवढी काळजी घेऊन तुम्ही निघाल, आणि एसटी स्टँडसमोर दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागलेला असेल. त्यावर तुमचा वर्दीतला फोटो (बिल्ल्यासकट), नाव, रँक, पलटण आणि 'लेह येथे नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली गॉगल घातलेले सतरा शुभेच्छुक. तेवढ्यात मामाचं स्टेटस पडेल: 'भाचा निघाला सीमेवर! संध्याकाळची झेलम एक्स्प्रेस, बोगी एस-4, स्टेशनवर हार घेऊन या.' तुमचा फोन सुभेदार साहेब जमा करून घेतील. मामाचा कोण करणार? सरकारी गुपितांचा कायदा 1923 पासून आहे, पण तो अजून मामापर्यंत पोचलेला नाही. फ्लेक्सवाल्यापर्यंत तर नाहीच, त्याला फक्त आगाऊ पैसे कळतात.

आणि डोंगरासकट फोटोची फारच हौस असेल, तर थोडा दम धरा. ऑक्टोबर 2019 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी सियाचेनचा बेस कॅम्प ते कुमार पोस्ट हा भाग पर्यटकांना खुला केल्याचं जाहीर केलं. जानेवारी 2025 पासून 'भारत रणभूमी दर्शन' नावाची सरकारी वेबसाइटही आहे, युद्धभूमीवर कसं जायचं ते सांगणारी. तेव्हा सुट्टी मिळाली की बायकोला पर्यटक म्हणून घेऊन या. ती उभी राहील, मागे अख्खा डोंगर येईल, वाऱ्यानं ओढणी उडेल. फोन तिचा, फोटो तुम्ही काढा. तुम्ही मात्र फ्रेममध्ये येऊ नका.