वरणाच्या पाण्यावर ६० ग्रॅम प्रोटीन होत नाही

ज्यांच्या घरात कुणाची वेट लॉस सर्जरी झालीये किंवा ठरलीये त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे, आणि पेशंटपेक्षाही त्या घरात जो स्वयंपाक करतो त्याच्यासाठी जास्त. मोठी झालीये, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालंय. त्यात जठराचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी, सुरुवातीला तिच्यात १००-१५० मिली मावलं तरी खूप. गॅस्ट्रिक बायपासवाल्यांचा पाऊच, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात तो, तर ३० मिलीच्या आसपास असतो. आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर सांगतात की दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, काहींना ८० सुद्धा. आता एवढ्याशा जागेत एवढं प्रोटीन बसवायचं तर वाटीत काय घालायचं याचा दर वेळी हिशोब करावा लागतो, आणि आपल्याकडे आजारी माणसाला जे प्रेमाने भरवतात त्यात नेमकं तेच नसतं.

पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, नाचणीचं सत्त्व, वरणाचं वरचं पाणी तूप-जिरं घालून. माझ्या सासूबाई रोज सकाळी डाळ शिजवून, वरचं पाणी गाळून, कपात घालून गरम गरम आणून द्यायच्या. पहिले काही दिवस फक्त पातळ प्यायचं असतं तेव्हा ते ठीकच होतं. पण नंतर प्युरी आणि मऊ जेवण सुरू झालं तरी तेच चालू राहिलं, कारण घरात सगळ्यांना वाटत होतं की डाळ म्हणजे प्रोटीन आणि त्या डाळीचं सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरतं. सत्त्व खाली पातेल्यात राहतं हो! एक वाटी घट्ट वरणाला साधारण ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ लागते, तिच्यात प्रोटीन साडेसहा ग्रॅमच्या आसपास, आणि वरच्या पाण्यात जेमतेम. नुसत्या वरणावर ६० ग्रॅम करायचे तर नऊ वाट्या घट्ट वरण दिवसाला. मला तेव्हा एक वाटी संपवायला अर्धा तास लागत होता.

यावर घरचे म्हणतात की वजन तर छान उतरतंय ना मग काय टेन्शन. याच वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. काटा फक्त आकडा दाखवतो, चरबी गेली की स्नायू गेले हे सांगत नाही. खाणं इतकं कमी झालेलं असतं की प्रोटीन बाहेरून मिळालं नाही तर शरीर ते आपल्याच स्नायूंतून काढून घेतं. मला ते काट्यावर कळलंच नाही, कळलं ते पाटावरून उठताना. घरी सत्यनारायण होता, पूजा झाल्यावर उठायला गेले तर मांड्यांत जोरच नाही, एक हात जमिनीवर आणि दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर टेकून उठले. वजन एवढं कमी झालेलं आणि उठणं मात्र पहिल्यापेक्षा अवघड. आणि त्याच दिवशी प्रत्येक पाहुणी सांगून गेली, किती बारीक झालीस गं, मस्त दिसतेस.

केसांचं पण सांगते. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास केस पुंजक्याने जायला लागतात. ऑपरेशनचा आणि भराभर वजन उतरण्याचा शरीराला जो धक्का बसतो त्याने थोडे जातातच, प्रोटीन घेतलं की एकही केस जाणार नाही असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण प्रोटीन, लोह, झिंक कमी असेल तर गळती वाढते आणि लांबते. त्यामुळे तेलं बदलत बसण्याआधी दिवसाचे ग्रॅम मोजा आणि रक्त तपासा.

मग काय खायचं. पहिलं म्हणजे वाढायचा क्रम बदला. आपल्याकडे ताटात आधी भाताची मूद पडते, वर वरण, वर तूप, आणि बाकीचं नंतर. आमच्यासारख्यांनी भातापासून सुरुवात केली की चार घासांत पोट भरतं आणि उसळ तशीच राहते. प्रोटीन आधी, मग भाजी, आणि जागा उरलीच तर दोन घास भाकरी किंवा भात. पाणी जेवताना नाही, अर्धा तास आधी बंद आणि जेवणानंतर अर्धा तास थांबून.

आणि आपल्या स्वयंपाकात प्रोटीन नाही असं अजिबात नाहीये, फक्त पाणी कमी करावं लागतं. माझा सगळ्यात मोठा आधार चक्का. अर्धा लिटर दुधाचं दही लावायचं, रात्री पंच्यात बांधून नळाला टांगायचं, सकाळी जो घट्ट गोळा मिळतो त्यात साधारण १२-१३ ग्रॅम प्रोटीन असतं. श्रीखंडासारखी साखर नाही घालायची, त्यात मेतकूट, मीठ आणि किसलेली काकडी, दोन-तीन वेळा मिळून दिवसभरात संपतो. खाली भांड्यात जे पाणी गळतं तेही टाकू नका, त्यातही थोडं प्रोटीन असतं, घरच्यांच्या कणकेत घाला. मुगाची धिरडी, कुळथाचं पिठलं (आमच्या कोकणातल्या मावशीमुळे घरात आलं), मोड आलेल्या मटकीची मऊ शिजवलेली उसळ, कुस्करलेलं पनीर, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास मिळतं. सोया वडी तर सगळ्यात स्वस्त, कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर, भिजवून घट्ट पिळायची आणि मिक्सरमधून खिम्यासारखी काढायची, नाहीतर सुरुवातीला घशाखाली उतरत नाही. अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम. आमच्याकडे अंड्याचं भांडं वेगळं आणि ते गॅलरीतल्या छोट्या शेगडीवर, पण सासूबाईंनी स्वतः ती जागा करून दिली, हे मुद्दाम लिहितेय. मासे खाणाऱ्यांचं तर सोपं आहे, सुरुवातीला मऊ म्हणून माशासारखं दुसरं नाही, फक्त तळलेला नको.

आता पावडर. "ते जिमवाल्या पोरांचं असतं, किडन्या खराब होतात" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. पण किडनी नीट असलेल्या माणसाला दिवसाचे ६०-७० ग्रॅम हे काही जास्त नाहीत, गरजेपुरतेच आहेत, आणि पहिले काही महिने पावडरशिवाय ते शाकाहारी माणसाला जमणं जवळजवळ अशक्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे. व्हे प्रोटीन म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेली पावडर, तिच्या एका स्कूपमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम मिळतं. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना दूध पचेनासं होतं, त्यांनी व्हे आयसोलेट (जास्त गाळून शुद्ध केलेलं व्हे) घ्यावं, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर अगदी कमी असते. चॉकलेटी हेल्थ ड्रिंकचा डबा आणून "हेही प्रोटीनच" म्हणू नका, मागचं लेबल वाचा, साखर किती आणि प्रोटीन किती ते लगेच दिसतं. आणि कोलॅजनच्या पावडरीवर दिवसाचा हिशोब भरू नका, ते पूर्ण प्रोटीन नाही, त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल नसतं.

उपवासाबद्दल थोडं कडक बोलते. साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च आहे, प्रोटीन नाहीच म्हणा. नऊ दिवस नवरात्र साबुदाणा, वरी आणि बटाट्यावर काढणं हे आपल्यासारख्यांसाठी नाही, निदान पहिलं वर्ष तरी नाही. मन मानत नसेल तर चक्का, पनीर, दूध, राजगिरा यावर करा, हे सगळं उपवासाला चालतंच. पण रिकामं पोट ठेवून नाही. आणि सारख्या उलट्या होत असतील तर उपवास, लग्न, सण काही बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, थायमिन म्हणजे बी वन कमी झालं की नसांवर आणि मेंदूवर परिणाम होतो.

माझा खरा राग आहे तो डाएट चार्टवर. मला मिळालेला कागद इंग्लिशमध्ये होता, त्यावर ग्रीक योगर्ट, टोफू, सॅमन. हे डोंबिवलीतल्या आमच्या घरात कोण आणणार आणि सासूबाई ते वाचणार कसं? लाखांत बिल होतं आणि जेवणाचं समजावणं दहा मिनिटांत उरकतं, तेही फक्त पेशंटला, जो तेव्हा औषधांच्या गुंगीत असतो. ओट्याशी जी बाई उभी राहणार आहे तिला त्या खोलीत बोलवा ना. मराठीत, वाटी-चमच्याच्या मापात, उपवासाच्या दिवसांसकट, कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळा, असा कागद द्यायला काय हरकत आहे? सासूबाईंना कुणीतरी नीट बसून सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्या आठवड्यातच सगळं बदललं असतं, कारण शेवटी जेव्हा डाएटिशियनने फोनवर मराठीत समजावलं तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी दही टांगलं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. त्यांच्या सुनेला मी सांगून ठेवलंय, डिस्चार्जच्या दिवशी वही घेऊन तूच जा, सकाळी काय, दुपारी काय, किती ग्रॅम, पावडर कोणती, बी ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम कधी आणि पुढची रक्त तपासणी कोणत्या महिन्यात, हे सगळं लिहून झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. पंचा माझ्याकडून घेऊन गेलीये ती.