‘खरे व्हॅम्पायर’: त्या फॉरवर्डमध्ये नेमकं काय काय चुकलंय

‘व्हॅम्पायर खरंच असतात’ अशा शीर्षकाचा मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: पोर्फिरिया नावाच्या आजारामुळे काही लोकांना ऊन सोसत नाही आणि रक्त प्यावंच लागतं, ते रोज ग्लासभर रक्त पितात, स्वतःला अमर समजतात, चावून इतरांनाही आपल्यासारखं करतात, मुळात ते मनोरुग्ण असून समाजाला त्यांच्यापासून धोका आहे. पोर्फिरियाला इथे जास्त जागा द्यावी लागेल, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे.

‘पोर्फिरिया झाला की रक्त प्यावं लागतं’

ही कल्पना गाजली ती १९८५ मध्ये. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड डॉल्फिन यांनी ती एका विज्ञान परिषदेत मांडली, वर्तमानपत्रांनी उचलून धरली आणि मनस्ताप झाला तो खऱ्या रुग्णांना.

शरीरात हीम, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला लोह असलेला घटक, तयार व्हायला आठ एन्झाइम लागतात. त्यातलं एखादं कमी पडलं की मधल्या टप्प्यावरचे पदार्थ साठत जातात. कुठलं कमी पडलं यावर आजाराचा प्रकार ठरतो. ‘ॲक्यूट इंटरमिटंट’ प्रकारात पोटात असह्य कळा येतात, लघवी लालसर-तपकिरी होऊ शकते, पण त्वचेला काही होत नाही. म्हणजे उन्हाचा संबंधच संपला. तीव्र झटका आला तर हीमचं औषध दर किलो वजनामागे ३ ते ४ मिलिग्रॅम या प्रमाणात रोज, साधारण चार दिवस, शिरेतून देतात. तोंडाने देऊन उपयोग नाही, कारण आतड्याच्या पेशी हीम फोडून त्यातलं लोह तेवढं काढून घेतात. ज्या यकृताला ते हवं असतं, तिथवर अख्खं हीम पोचत नाही.

उन्हाने हाताच्या पाठीवर फोड येतात ते ‘पोर्फिरिया क्युटेनिया टार्डा’मध्ये. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. अंगात लोह साठलं की तो बळावतो, म्हणून उपचार काय, तर दर दोन आठवड्यांनी सुमारे ४५० मिलिलिटर रक्त काढून टाकायचं, फेरिटिन (साठलेल्या लोहाचा रक्तातला निर्देशक) खाली येईपर्यंत. फॉरवर्डवाले ज्याला रक्त पाजायला निघालेत, त्याच्या अंगातून डॉक्टर रक्त काढत असतात!

‘म्हणजे हे सगळे रक्त पिणारे’

स्वतःला व्हॅम्पायर म्हणवणाऱ्यांचे ढोबळ तीन गट आहेत. ‘सँग्विनेरियन’, बोलताना नुसतं ‘सँग’, म्हणजे ज्यांना अधूनमधून थोडं मानवी रक्त घेतल्याशिवाय थकवा, डोकेदुखी, मरगळ जात नाही असं वाटतं. दुसरे ‘सायकिक’. ते रक्ताला शिवतही नाहीत. गर्दीतून, स्पर्शातून किंवा राजी असलेल्या जोडीदाराकडून ऊर्जा घेतो, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही करणारे ते ‘हायब्रिड’. जॉन एडगर ब्राउनिंग या संशोधकाने अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स आणि बफेलो इथल्या अशा लोकांमध्ये प्रत्यक्ष वावरून अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही गरज आपण निवडलेली नाही, वयात येताना जाणवू लागली, असं यातले बरेच जण सांगतात. काळे कपडे, ॲक्रिलिकचे सुळे, शवपेटी हा वेगळ्या, हौशी मंडळींचा मामला. दोन्ही वर्तुळं कुठेकुठे एकमेकांवर येतात, पण सुळे बसवले म्हणून कुणी सँग होत नाही.

‘रोज ग्लासभर रक्त’

सँग लोक सांगतात ते प्रमाण काही थेंबांपासून एक-दोन चमच्यांपर्यंतचं, आणि तेही रोज नव्हे. ग्लासभर पिणं शरीरालाच झेपत नाही. रक्त पोटात गेलं की मळमळतं, प्रमाण वाढलं की उलटी होते. उलटी झाली नाही तर पुढे शौचाला डांबरासारखं काळं होतं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला आतड्यात रक्तस्राव झाल्याची शंका येते. लोहाचा हिशेबही करून पाहा. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच गमावतं आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही. म्हणजे रोज ग्लासभर प्यालं तर लोह साठतच जाईल. उलट अधूनमधून घेतलेल्या चहाच्या एका चमच्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम येतं. त्याने ॲनिमिया बरा होण्याची आशा धरणं व्यर्थच आहे.

‘चावतात, आणि चावलेला व्हॅम्पायर होतो’

चावत नाहीत. माणसाच्या तोंडात जंतूंची जत्रा असते, माणसाच्या चाव्याची जखम चटकन चिघळते, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. रक्त देणारा ‘डोनर’ सज्ञान आणि राजी असावा, सुई किंवा ब्लेड निर्जंतुक आणि एकदाच वापरायचं, दोघांच्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी तपासण्या झालेल्या असाव्यात, असा त्यांचा आपसातला दंडक.

खरी गोम इथेच आहे, आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही. ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट हा संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात फसवा असतो. एचआयव्हीची अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी शिरेतल्या रक्तावर केली तरी संसर्गानंतर १८ ते ४५ दिवसांनी विश्वासार्ह ठरते. हिपॅटायटिस सी-च्या अँटिबॉडी दिसायला ८ ते ११ आठवडे लागू शकतात. गेल्या महिन्यातला रिपोर्ट दाखवून आज रक्त देणाऱ्याबद्दल तो रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा तोंड आलेलं असेल तर पिणाऱ्याचा धोका आणखी वाढतो. रक्त बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवणं तर त्याहून वाईट: काही मिनिटांत ते गोठतं, आणि थंडीतही वाढणारे जंतू असतात. यातली कुठलीच पद्धत पूर्ण सुरक्षित नाही.

‘ऊन लागलं की मरतात, स्वतःला अमर समजतात’

उन्हाने मरणारा व्हॅम्पायर ही १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाची देणगी. त्याआधीच्या, १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या गाजलेल्या कादंबरीतला व्हॅम्पायर सरदार लंडनमध्ये दिवसाउजेडी फिरतो. आज स्वतःला व्हॅम्पायर म्हणवणारे नोकऱ्या करतात, आजारी पडतात, म्हातारे होतात. अमरत्वाचा दावा करणाऱ्याची त्यांच्यातच टिंगल होते.

‘मनोरुग्ण आहेत, धोकादायक आहेत’

रक्त पिण्याच्या वेडाला दिलेलं ‘रेनफिल्ड सिंड्रोम’ हे नाव पुरावा म्हणून पुढे केलं जातं. ते रिचर्ड नोल या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये निदानाच्या भाषेची थट्टा म्हणून रचलं होतं. मानसिक आजारांच्या अधिकृत अमेरिकी सूचीत ते नाही. रक्ताभोवती घुटमळणारे भ्रम असलेले रुग्ण मनोविकारतज्ज्ञांना क्वचित भेटतात, पण ती वेगळी माणसं. १९९६ मध्ये फ्लोरिडात एका किशोरवयीन ‘व्हॅम्पायर’ टोळीच्या म्होरक्याने दाम्पत्याचा खून केला, ही गोष्ट खरी. पण तेवढ्यावरून सगळ्यांना खुनी ठरवता येत नाही.

मात्र उलट बाजूचा दावाही तसाच गिळू नये. मानवी रक्ताची शारीरिक गरज असते, हे कुठल्याही नियंत्रित प्रयोगात सिद्ध झालेलं नाही. रक्त घेतल्यावर तरतरी येते ती अपेक्षेने, विधीने की जवळिकीने, हे वेगळं करून कुणी दाखवलेलं नाही. थकवा मात्र खरा असतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, साखर, झोपेत श्वास अडकतो का आणि नैराश्य, एवढं तरी तपासायला हवं. अडचण अशी की हे लोक डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे खरं बोलत नाहीत. अमेरिकेतल्या आयडाहोचे संशोधक डी. जे. विल्यम्स यांच्या २०१५ च्या लहानशा अभ्यासात, ११ जणांच्या, हीच भीती दिसली: सांगितलं तर वेडा ठरवतील. डॉक्टरला ओळख सांगायची नसेल तर नका सांगू, पण दुसऱ्याचं रक्त पोटात गेलंय एवढं तरी सांगाच. त्याशिवाय हिपॅटायटिसची तपासणी कुणाला सुचणार नाही.