‘तीन आठवड्यांनी एक सुई पुरते, मग टेस्टोस्टेरॉनचं जेल कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, कमी पडलं तर काय करावं यावर मी लेख लिहिला होता. तुम्ही स्वतः त्याची सुई घेता आणि त्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. मी जेलची वकिली केली आणि इंजेक्शनला उगाच बदनाम केलं; 250 मिलिग्रॅमची सुई 3 आठवड्यांनी घेऊन काम भागत असताना रोज जेल चोपडत कोण बसणार; आणि ‘आधी वजन उतरवा’ म्हणजे पेशंटला वाटेला लावणं. पहिला आक्षेप निम्मा मान्य. तिसरा अजिबात नाही.

पण जेल की सुई हा प्रश्न नंतरचा. माझ्या लेखात एक गोष्ट राहून गेली आणि तुमच्या प्रतिक्रियेतही ती नाही: पुढे मूल हवंय का? टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळायला लागलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही अंडकोषांना कामाला लावणारी संप्रेरकं सोडणं जवळपास बंद करते. रक्तातला आकडा छान दिसतो, पण अंडकोषातलं टेस्टोस्टेरॉन, जे रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट असावं लागतं, ते कोसळतं आणि शुक्रजंतू बनणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट हे इंजेक्शन चक्क पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, आणि बहुतेकांचे शुक्रजंतू शून्यावर आले होते! औषध थांबवल्यावर बहुतेकांचे 6 महिने ते वर्षभरात परत येतात, काहींना दोन वर्षं लागतात. मुळातच संख्या कमी असेल तर खात्री देता येत नाही.

म्हणून मूल हवं असलेल्या माणसाला जेलही नको, सुईही नको. त्याच्यासाठी पीयूषिकेला एलएच वाढवायला लावणारी क्लोमिफेनची गोळी (25 मिलिग्रॅम, रोज किंवा एक दिवसाआड) किंवा एलएचसारखंच काम करणाऱ्या एचसीजीची इंजेक्शनं (1500 ते 2000 युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा). पुरुषांमध्ये क्लोमिफेनला या कामासाठी अधिकृत मान्यता नाही. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर देतात. नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर गोळी लगेच बंद. आणि ती चालते फक्त एलएच कमी किंवा नॉर्मल असताना. एलएच आधीच चढलेलं असेल तर अंडकोषच थकलेत. तिथे क्लोमिफेन देणं म्हणजे बसलेल्या बैलाला आणखी पराणी टोचणं.

हे एलएच तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही. सकाळी 10 च्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला 300 नॅनोग्रॅमच्या खाली आलं (पुढचे पातळीचे आकडेही याच मापात) आणि सोबत लक्षणं असली, तर निदान; मग एलएच आणि प्रोलॅक्टिन (पीयूषिकेचं आणखी एक संप्रेरक) तपासायचं. प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं असेल तर पीयूषिकेत गाठ असू शकते, आणि मग प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबरगोलिनच्या गोळीनेच टेस्टोस्टेरॉन वर येऊ शकतं. केसगळतीसाठी बायोटिन चालू असेल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. काही मशीनवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं.

आता तुमची सुई. त्या 250 मिलिग्रॅममध्ये चार एस्टर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनची वेगवेगळ्या वेगाने रक्तात उतरणारी रूपं, असतात: 30, 60, 60 आणि 100 मिलिग्रॅम. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी 2000 च्या आसपास उसळते आणि 21 व्या दिवशी नॉर्मलच्या तळाशी येते. तुम्ही ओझरतं लिहिलंय, ‘तिसऱ्या आठवड्यात जरा चिडचिड होते, एवढंच.’ ते ‘एवढंच’ म्हणजेच हा उतार. आणि तुम्ही सांगितलेला टेस्टोस्टेरॉन 780 चा रिपोर्ट सुईनंतर कितव्या दिवसाचा? चौथ्या दिवसाचा असेल तर त्याला काडीचाही अर्थ नाही.

इंजेक्शन वाईट नाही, अंतर वाईट आहे. एनान्थेट आठवड्याला 75 ते 100 मिलिग्रॅम किंवा दोन आठवड्यांना 150 ते 200 घेतलं तर चढउतार बराच सपाट होतो. अनडेकॅनोएट या दुसऱ्या एस्टरचा 1000 मिलिग्रॅमचा डेपो (अंगात साठून हळूहळू सुटणारं इंजेक्शन) आणखी सपाट: दुसरा डोस 6 आठवड्यांनी, मग दर 10 ते 14 आठवड्यांनी. पण ते 4 मिलिलिटर एरंडेल तेल आहे. कुल्ल्यात खोल, दोन मिनिटं घेऊन हळू द्यावं लागतं, आणि नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण तेलाचे थेंब फुफ्फुसात गेले तर खोकल्याची जोरदार उबळ येते. शिवाय काही बिघडलं तर टोचलेलं परत काढता येत नाही. तुमच्या सुईत शेंगदाणा तेल असतं. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती घेऊच नये.

सुईचा खरा तोटा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढणं. रक्त घट्ट होणं जेलपेक्षा इंजेक्शनवर जास्त आढळतं. 54 टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवायचं, आणि झोपेत श्वास अडकून घोरण्याचा त्रास आहे का तेही बघायचं, कारण त्यानेही रक्त घट्ट होतं.

जेलची बाजू मी जरा गोड करून लिहिली होती, हे कबूल. 1 टक्का जेलच्या 5 ग्रॅमच्या पुडीत 50 मिलिग्रॅम असतं, त्यातला दहावा हिस्सा आत जातो. घामट अंगावर लावलं, लगेच आंघोळ केली, की तेवढंही नाही. लहान मूल खांद्यावर झोपत असेल तर जेल नकोच. औषध मुलाच्या अंगात जातं. आणि ज्या दंडावर जेल लावलं त्याच दंडातून रक्त काढलं तर रिपोर्ट आभाळाला भिडतो.

हृदयाबद्दल तुम्ही 2023 च्या ट्रॅव्हर्स चाचणीचा दाखला दिलात; टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या हृदयाला धोका वाढतो का, हे तिने तपासलं. पाच हजारांवर पुरुष होते, हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत, बरोबर. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुफ्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळ्या जास्त दिसल्या. मुख्य म्हणजे ती चाचणी जेलवर होती. तिचा निष्कर्ष 2000 पर्यंत उसळणाऱ्या सुईला लावता येत नाही.

राहिलं वजन. पोट सुटलं की एसएचबीजी हे वाहक प्रथिन घटतं, आणि एकूण आकडा कमी दिसतो. मुक्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे त्या प्रथिनाला न चिकटलेलं, ठीकही असू शकतं. 10 टक्के वजन उतरलं तर एकूण पातळी सरासरी 80 च्या आसपास वाढते. 270 वाल्याला एवढं पुरतं. 120 वाल्याला पुरणार नाही, त्याला औषधच हवं. माझा सल्ला त्याच्यासाठी नव्हताच.

पुढच्या सुईच्या दिवशी, सुई टोचण्याआधी रक्त द्या: टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट, आणि चाळिशी ओलांडली असेल तर पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची तपासणी). एलएच आता तपासून उपयोग नाही, औषधाने ते दबलेलंच असणार. सुरुवातीचा रिपोर्ट घरात कुठे असेल तर तो शोधा.